एका मादीचं गोकुळ
घरच्या टाकीतली गप्पी माशांची पैदास आणि जास्तीच्या पिल्लांचा प्रश्न

आमच्या घरी पहिल्यांदा गप्पी आले ते जोडीनं. नर भडक केशरी शेपटीचा. मादी साधी, राखाडी, पोटाशी जरा फुगीर. टाकीला झाकण नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर फरशीवर कोरडा पडलेला सापडला. मादी एकटी उरली. पंधरवड्यानं टाकीत जिऱ्याएवढी अठरा पिल्लं दिसली. आम्ही म्हटलं, दुकानातून आली तेव्हाच ती गाभण असणार. पुढच्या महिन्यात पुन्हा पंचवीस झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. नर तर केव्हाच गेला होता. मग ही पिल्लं आली कुठून?

गप्पी पाळणाऱ्या बहुतेकांना हे कोडं कधी ना कधी पडतं. ते सुटलं की या माशाची पैदास कशी चालते हेही उलगडतं. इतर मासे पाळणाऱ्यांची धडपड पिल्लं व्हावीत म्हणून असते. गप्पीला पिल्लं होतातच, आपण काही केलं नाही तरी होतात. म्हणून गप्पीच्या पैदाशीतला पहिला प्रश्न असा: जी पिल्लं आपल्याला ठेवायची नाहीत, ती जाणार कुठे? त्याचं उत्तर पहिला मासा घरी आणण्याआधी तयार हवं, असं इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझं ठाम मत झालं आहे.

पोटातली साठवण

बहुतेक मासे पाण्यात अंडी घालतात आणि नर ती बाहेरच फलित करतो. गप्पीची मादी अंडी पोटातच ठेवते. अंड्यातल्या बलकावर पिल्लू वाढतं, अंडं पोटातच उलतं आणि पोहता येणारं पिल्लू बाहेर पडतं. अर्थात त्यासाठी अंडी फलितही पोटातच व्हावी लागतात. नराच्या शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली जो पर असतो, तो वयात येताना लांबट आणि टोकदार होतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात. त्याच्या साहाय्यानं नर शुक्राणू मादीच्या शरीरात सोडतो.

कोड्याचं उत्तर इथे आहे. मादी हे शुक्राणू एका खेपेत संपवत नाही. अंडाशयाच्या घड्यांमध्ये ते जपून ठेवते. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवावेत आणि लागतील तसे दळून आणावेत, तसाच हा प्रकार. एक वेत झालं की नवी अंडी तयार होतात, साठ्यातले शुक्राणू ती फलित करतात आणि साधारण चार आठवड्यांनी पुढची पिल्लं जन्मतात. त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पींच्या वंशावळी संशोधकांनी जनुकांवरून जुळवल्या, तेव्हा काही नरांची पिल्लं ते मेल्यानंतर दहा महिन्यांनीसुद्धा जन्मत असल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आमच्या मादीला नर गेल्यावरही तीन महिने पिल्लं होत राहिली, यात नवल काहीच नव्हतं.

पैदास करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. दुकानातल्या मोठ्या टाकीत नर-मादी एकत्र वाढतात. तिथून आणलेली वयात आलेली मादी रिकामी नसते. ती बरोबर कुणाचा तरी साठा घेऊन येते आणि तो कुणाचा, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. ठरावीक रंगाची शुद्ध पिल्लं हवी असतील, तर लहानपणीच नरांपासून वेगळी काढलेली मादी मागावी. ती मिळाली नाही, तर पहिल्या काही वेतांत बापाचा भरवसा धरू नये.

नाव गप्पी, गाव त्रिनिदाद

मराठी कानाला 'गप्पी' म्हटलं की गप्पा मारणारा मासा वाटतो. नाव मात्र एका माणसाचं आहे. १८५९ मध्ये विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं व्हेनेझुएलातल्या काराकासहून आलेल्या नमुन्यांवरून या माशाचं वर्णन केलं. पोएसिलिया रेटिक्युलाटा हे आजचं शास्त्रीय नाव तिथलं. पुढे त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले. तिथल्या आल्बर्ट ग्युंथर यांना ती नवी जात वाटली आणि १८६६ मध्ये त्यांनी तिला गप्पी यांचं नाव दिलं. ते शास्त्रीय नाव मागे पडलं. बोलण्यातलं 'गप्पी' जगभर टिकलं.

भारतात हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला तो हौसेसाठी नव्हे, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर आपण वाचलेली असते. आवारातल्या सिमेंटच्या हौदावर 'गप्पी मासे पैदास केंद्र' असं लिहिलेलंही पाहिलेलं असतं. तिथला मासा बारीक आणि फिकट असतो. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत दिसणारा पंख्यासारख्या शेपटीचा लाल, निळा, नागाच्या खवल्यांसारख्या नक्षीचा मासा वेगळाच वाटतो, पण जात एकच. फरक पडला तो माणसानं पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे.

कागदावरचा हिशेब

आता वही-पेन्सिल घेऊन बसू. एक मादी दर महिन्याला ३० पिल्लं देते असं धरू. थोराड मादी याहून बरीच जास्त देते, कोवळी मादी कमी देते. तीसपैकी निम्म्या, म्हणजे १५ माद्या. मादी तीन महिन्यांत वयात येते आणि त्यानंतर महिन्यानं तिचं पहिलं वेत होतं. कोवळ्या मादीला फक्त १० पिल्लं होतात असं आखडतं माप घेऊ.

पहिल्या दिवशी एक वेत झालं आणि पुढे दर महिन्याला एक, तर सहा महिन्यांत मूळ मादीची सात वेतं होतात, म्हणजे २१० पिल्लं. पहिल्या वेतातल्या १५ लेकी चौथ्या महिन्यात १५० पिल्लं देतात. पाचव्या महिन्यात त्या आणि दुसऱ्या वेतातल्या लेकी मिळून ३००. सहाव्या महिन्यात तीन वेतांतल्या लेकी मिळून ४५०. या नातवंडांची बेरीज ९००. मूळ २१० धरून १,११०. हे सगळं एका मादीपासून, सहा महिन्यांत.

प्रत्यक्षात एवढी होत नाहीत, कारण मोठे गप्पी लहान पिल्लांना खातात. आई स्वतःचीही पिल्लं खाते. आपल्याला ते क्रूर वाटतं. माशाच्या लेखी समोर हलणारा बारीक जीव म्हणजे खाद्य. पण पैदास करायची म्हणून आपण पिल्लं वाचवायला लागतो, तेव्हा कागदावरचा हा हिशेब खरा व्हायला लागतो.

मग मूळच्या ओढ्यात असं का होत नाही? त्रिनिदादच्या डोंगराळ ओढ्यांमध्ये धबधब्यांच्या खालच्या टप्प्यांत मोठे शिकारी मासे असतात आणि ते गप्पींना मोठ्या प्रमाणात खातात. धबधब्यांच्या वर ते चढू शकत नाहीत. तिथे फारसा त्रास न देणारे छोटे शिकारीच असतात. जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाला दिसलं, की खालच्या टप्प्यातले नर फिकट आणि वरच्या टप्प्यातले रंगीत असतात. १९७६ मध्ये त्यानं खालच्या टप्प्यातले सुमारे २०० गप्पी वरच्या एका ओहोळात सोडले. तिथे आधी गप्पी नव्हते. दोन वर्षांतच त्यांच्या वंशातले नर ठळक रंगाचे झाले. भडक नर शिकाऱ्याला चटकन दिसतो, पण मादीला तोच आवडतो. शिकारी नसला, की मादीची आवड वरचढ ठरते.

हा प्रयोग उत्क्रांतीच्या पुस्तकांत असतो. मला त्यातून घरच्या टाकीसाठी एक गोष्ट शिकायला मिळाली. ओढ्यात संख्या आवरण्याचं आणि निवड करण्याचं काम शिकारी मासा करतो. आपण टाकीतून त्याला काढून टाकलं, पिल्लांना जाळीआड ठेवलं, दिवसातून चार वेळा खाऊ घातलं, तर ते काम आपोआप थांबत नाही. ते पाळणाऱ्याच्या अंगावर येतं.

टाकी मांडताना: पाण्याला विरजण

एका टाकीत पैदास होत नाही, नुसती गर्दी होते. कमीत कमी चार भांडी लागतात: निवडलेल्या नर-माद्यांसाठी एक, पिल्लांसाठी एक, वयात येणाऱ्या नरांसाठी एक आणि माद्यांसाठी एक. काचेच्याच टाक्या हव्यात असं नाही. पंचवीस-तीस लिटरचे प्लास्टिकचे टब चालतात. सगळ्यांना झाकण किंवा जाळी हवीच. गप्पी उडी मारतो, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो.

पाणी भरलं आणि लगेच मासे सोडले, की आठवड्याभरात ते मरू लागतात आणि कारण कळत नाही. कारण डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनिया होतो. हा वायू पाण्यात विरघळतो आणि माशाचे कल्ले जाळतो. जुन्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर थर करून राहतात. नव्या टाकीत हा थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

घरात दही लावताना आपण दुधात थोडं विरजण घालतो. इथेही तेच करता येतं. ओळखीच्या माणसाकडच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज फिल्टर आणून नव्या टाकीत लावला, किंवा त्याचा मळ नव्या टाकीच्या पाण्यात पिळला, की जिवाणूंचं विरजण लागतं आणि काम लवकर होतं. याच कारणानं स्पंज कधीही नळाखाली धुवू नये. क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हातानं पिळावा.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांनाही मारतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावं किंवा दुकानात 'हायपो' म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे सांगितलेल्या प्रमाणात घालावेत. गप्पीला क्षार असलेलं जड पाणी मानवतं. ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते त्याला चालतं. आरओचं पाणी मात्र नको, त्यातले क्षार निघून गेलेले असतात. पाणी २४ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवावं. नाशिक-पुण्याकडे थंडीत गॅलरीतला टब रात्री फार गार पडतो, तेव्हा तो घरात घ्यावा किंवा हीटर लावावा. मे महिन्यात उलट करावं लागतं: टबावर सावली धरावी. आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणं, ही या छंदातली सगळ्यात मोठी सेवा.

बाळंतपण आणि पहिले तीस दिवस

मादीच्या शेपटीच्या अलीकडे, पोटाच्या मागच्या बाजूला एक काळसर डाग असतो. वेत जवळ येतं तसा तो मोठा आणि गडद होतो, पोट गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं. शेवटच्या दिवसात त्या डागातून पिल्लांचे डोळे बारीक काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. मादी कोपऱ्यात थांबून राहते, खाणं सोडते.

पहाटे दिवा न लावता टॉर्च तिरपी धरून पाहिलं, तर पिल्लू जन्मताना दिसू शकतं. एक गोळी बाहेर पडते, गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी. ती खाली जायला लागते आणि तळाला टेकण्याआधीच उलगडते. शेपटी दोनदा झटकते. मग ते पिल्लू थेट झाडाच्या गुंत्यात शिरतं. आईकडे नव्हे, आईपासून दूर. जन्मल्यावर पहिल्या काही क्षणांत त्याला एवढं माहीत असतं.

म्हणूनच पिल्लं वाचवायची तर टाकीत दाट झाडं हवीत. जावा मॉस आणि हॉर्नवर्ट स्वस्त आणि चिवट आहेत. मादीला बाळंतपणासाठी चिमुकल्या प्लास्टिकच्या पेटीत दिवसेंदिवस कोंडून ठेवणं टाळावं, ती बिथरते. झाडं घातलेल्या वेगळ्या टबात तिला आठवडाभर आधी हलवावं आणि पिल्लं झाली की तिलाच बाहेर काढावं.

पिल्लांचं पोट टाचणीच्या डोक्याएवढं. त्यामुळे खाद्य थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. सगळ्यात चांगलं म्हणजे नुकतीच फुटलेली आर्टेमिया. ही मिठाच्या पाण्यातली अतिसूक्ष्म कोळंबी; तिची सुकी अंडी डबीत मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, हवेचा पंप आणि ऊब दिली, की २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात. पिल्लं हलणाऱ्या आर्टेमियावर झडप घालतात आणि थोड्याच वेळात त्यांची पोटं केशरी दिसायला लागतात. ती मिळाली नाही, तर बारीक चुरलेलं कोरडं खाद्य किंवा उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक चालतो. फक्त उरलेला बलक लगेच काढून घ्यायचा, नाहीतर पाणी नासतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात महत्त्वाचं काम येतं: नर आणि मादी वेगळे करणं. रंग यायच्या आधीच हे करावं लागतं. उन्हाकडे धरलेल्या पारदर्शक डब्यात एकेक पिल्लू घेऊन भिंगातून पोटाखालचा पर पाहावा. मादीचा पर पंख्यासारखा रुंद राहतो आणि पोटाशी काळा डाग दिसतो. नराचा पर निमुळता व्हायला लागलेला असतो. नर दीड-दोन महिन्यांत वयात येतात. या कामात आळस केला, तर बहीण-भावांचीच पिल्लं सुरू होतात आणि वहीतली सगळी वंशावळ पुसली जाते.

रंगाचं आडनाव

निवड करायची म्हणजे काय पाहायचं? इथे थोडं आनुवंशशास्त्र लागतं. शरीराच्या प्रत्येक पेशीत आई-वडिलांकडून आलेल्या गुणांची पत्रकं असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. गप्पीत नर-मादी ठरण्याची पद्धत माणसासारखीच आहे: मादीत दोन एक्स गुणसूत्रं, नरात एक एक्स आणि एक वाय.

कोपनहेगनमध्ये योहान्नेस श्मिट यांना १९२० च्या सुमारास दिसलं, की गप्पीच्या पाठीवरच्या परावरचा एक काळा डाग बापाकडून फक्त मुलाकडे जातो, मुलीत कधी दिसत नाही. १९२२ मध्ये ओयविंद विंगे यांनी त्याचं कारण मांडलं: हा गुण वाय गुणसूत्रावर आहे. वाय बापाकडून फक्त मुलाला मिळतो. आडनाव जसं बापाकडून मुलाकडे चालत राहतं, तसा हा डाग चालत राहतो. गप्पीच्या रंगाचे बरेच गुण असे वायवर बसलेले आहेत. सगळे नाहीत, काही एक्सवर आहेत, काही इतर गुणसूत्रांवर.

याचा उपयोग असा. मुलांचा रंग पाहायचा असेल तर बाप नीट निवडावा. मादी निवडताना तिचा स्वतःचा रंग फारसं सांगत नाही, कारण ती बहुधा फिकटच असते. तिचे भाऊ पाहावेत. भाऊ चांगले निघाले असतील, तर त्या घरातली बहीण घ्यावी. शिवाय तिचा आकार, ताठ पाठ आणि जोमदार पोहणं बघावं. एका वेतातून दोन नर आणि चार माद्या ठेवल्या तरी पुरतात. सतत एकाच घरात लग्नं लावली, तर चार-पाच पिढ्यांत पाठीला बाक, आखूड परांचे मासे, छोटी वेतं असं दिसू लागतं. म्हणून एकाच जातीच्या दोन ओळी वेगवेगळ्या टबांत चालवाव्यात आणि अधूनमधून एकीतला नर दुसरीतल्या मादीला द्यावा.

तीसपैकी सहा ठेवली. उरली चोवीस. दर महिन्याला, दर मादीमागे चोवीस.

चोवीस पिल्लांचं घर

पहिला उपाय पिल्लं कमी होऊ देण्याचा. फक्त रंगीत मासे पाहायचे असतील, तर टाकीत नरच ठेवावेत. नुसत्या माद्या ठेवून चालत नाही. त्यांच्याकडे साठवण असते. पैदास करतानाही सगळी वेतं वाचवायची गरज नाही. महत्त्वाच्या जोडीचं एखादं वेत वेगळं वाढवावं. बाकीच्या वेळी मादीला मोठ्यांच्या टाकीत, विरळ झाडांमध्येच राहू द्यावं. तिथे बहुतेक पिल्लं मोठ्यांच्या पोटात जातात. ओढ्यातही हेच होतं.

दुसरा उपाय देण्याचा. जवळच्या माशांच्या दुकानात निरोगी, एकसारखे गप्पी बऱ्याचदा खाद्याच्या बदल्यात घेतात. पण आधी विचारावं. पिशवी घेऊन दारात उभं राहू नये. शाळेच्या विज्ञान कोपऱ्याला, छंद असलेल्या ओळखीच्यांना देता येतात. देताना 'यातल्या माद्यांना पिल्लं होणार' हे सांगणं आपलं कर्तव्य आहे. लहान मुलांच्या घरी शक्यतो नरच द्यावेत.

तिसरा उपाय आरोग्य विभागाचा. साधे, छोट्या शेपटीचे गप्पी जास्त झाले असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी करावी. ते लागत असतील तर बंदिस्त टाक्या, कारंजी अशा ठिकाणी सोडतात. कुठे सोडायचं हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

चौथा उपाय कठीण वाटतो, पण प्रामाणिक आहे. मोठे मासे पाळणाऱ्यांना निरोगी पिल्लं जिवंत खाद्य म्हणून देता येतात. औषध दिलेली किंवा आजारी पिल्लं मात्र देऊ नयेत.

आणि काही पिल्लं अशी असतात, की पाठ वाकडी, पोहता येत नाही, खाता येत नाही. त्यांना तसंच झिजत ठेवणं ही दया नव्हे. लवंगाचं तेल माशाला आधी गुंगी आणतं आणि मात्रा वाढली की झोपेतच मरण देतं. बाटलीत कोमट पाणी आणि काही थेंब तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवावं, कारण तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही. मासा टाकीच्याच लिटरभर पाण्यात ठेवून हे मिश्रण हळूहळू ओतावं. तो आडवा होऊन निपचित पडला की आणखी तेल, एकूण लिटरमागे ०.४ मिलिलिटरपर्यंत. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास थांबावं, मग कुंडीतल्या मातीत पुरावं. बाहेर काढून तडफडू देणं, फ्रीजमध्ये गारठवणं, संडासात टाकणं, यांतलं काहीही करू नये.

नदी हा उपाय नाही

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग सगळ्यात वाईट आहे. 'बिचाऱ्यांना मोकळं करू' म्हणून पिल्लं नदीत, विहिरीत, तळ्यात, नाल्यात सोडली जातात. गप्पी घाण पाण्यातही तग धरतो, आणि पावसाळ्यात गटार नाल्याला, नाला नदीला मिळतो. एक गाभण मादी पोहोचली तरी पुरते. त्रिनिदादमध्ये केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्याच्या टाक्यांत प्रत्येकी एकच मादी सोडली होती. दोन वर्षांनीही त्यातल्या बहुतेक टाक्यांत गप्पींची वस्ती टिकून होती. ज्या साठवणीनं आमच्या टाकीतलं कोडं घातलं, तीच साठवण नदीत एका मादीला अख्खं गाव वसवू देते.

सह्याद्रीच्या ओढ्यांमध्ये कितीतरी मासे असे आहेत, की ते जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. डासांच्या अळ्या खाणारे आपले छोटे मासेही तिथे आहेत. परका गप्पी त्यांच्या खाद्यात वाटा मागतो, त्यांची अंडी-पिल्लं खातो, टाकीतले जंत आणि रोग त्यांच्यात नेतो. आपण चोवीस पिल्लांवर दया केलेली असते आणि किंमत अख्खा ओढा मोजतो.

थोडक्यात

• दुकानातून आणलेली वयात आलेली मादी बहुधा गाभणच असते. नर नसला तरी तिला महिनोन्‌महिने पिल्लं होतात.
• सुरुवातीला चार टब, झाकणं, क्लोरीन काढलेलं जड पाणी आणि जुन्या टाकीच्या स्पंजचं 'विरजण'.
• २१ ते २८ दिवसांच्या वयात नर-मादी वेगळे.
• मुलांच्या रंगासाठी बाप पाहा, मादीसाठी तिचे भाऊ पाहा.
• प्रत्येक वेत वाचवू नका. जे ठेवणार तेवढंच वाढवा.
• नदी, विहीर, तळं, नाला: कधीही नाही.

वहीतला शेवटचा रकाना

माझ्या टबांशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. तिच्यात सहा रकाने आहेत: तारीख, आई, बाप, पिल्लं, ठेवली, गेली कुठे. पहिली दोन वर्षं पाचच रकाने होते. तेव्हाच्या पानांवर 'पिल्लं ३४', 'पिल्लं ४१' असे आकडे मोठ्या अभिमानानं लिहिलेले आहेत आणि त्या पिल्लांचं पुढे काय झालं हे एकाही पानावरून कळत नाही. काही टबांत दाटीवाटीनं मेली, हे मला आठवतं. सहावा रकाना त्यानंतर आखला.

आता नवी जोडी टबात सोडायच्या आधी मी तो रकाना पेन्सिलीनं भरतो. दहा दुकानात, सहा शाळेत, बाकीची मोठ्या टाकीत. भरता आला नाही, तर नर त्याच्या टबात राहतो आणि मादी तिच्या. गेल्या महिन्यात तसंच झालं. शाळेला सुट्टी लागली होती, दुकानदारानं नको म्हटलं. टब रिकामाच आहे, त्यात जावा मॉस छान वाढलं आहे.